‘पाच मिनिटांत पैसे खात्यात’ : या वेगाला विश्वास समजू नका

काही दिवसांपूर्वी एक पालक शाळेत आले. धाकट्याच्या अभ्यासाबद्दल बोलायचं असेल असं वाटलं, पण त्यांनी थोरल्याचा मोबाईल पुढे केला. खात्यातली रक्कम होल्डवर असल्याचा बँकेचा मेसेज होता. थोरला आमचाच माजी विद्यार्थी, आता कॉलेजात. “सर, पोरानं चोरी नाही केली. ऑनलाइन कॅसिनोत जिंकलेले सहा हजार काढले, एवढंच,” ते म्हणाले.

‘एवढंच’ म्हणजे काय, हे आपण सगळ्यांनी नीट समजून घेतलं पाहिजे.

आज मोबाईलवर कॅसिनोच्या जाहिराती येतात, त्यांत बक्षिसापेक्षा जोर असतो वेगावर. ‘थेट बँकेत’, ‘यूपीआयने लगेच’, ‘पाच मिनिटांत विड्रॉल’. मुलांचा हिशोब साधा असतो : पैसे लगेच देतात, म्हणजे साइट खरी. इथेच चूक होते. पैसे लगेच पोहोचतात ही आपल्या बँकांच्या यूपीआय आणि आयएमपीएस या व्यवस्थेची करामत आहे. त्यात कॅसिनोचा प्रामाणिकपणा कुठे आला? उलट हाच वेग तुम्ही भरलेल्या पैशालाही असतो. बटण दाबलं की रक्कम गेली, विचार बदलायला वेळच नाही.

पहिले पाचशे-हजार बहुतेकदा पटकन मिळतात. तो गळाला लावलेला आमिषाचा तुकडा असतो. मोठी रक्कम काढायला गेलं की केवायसी, ‘प्रोसेसिंग फी’, बोनसच्या अटी सुरू होतात.

बोनसचं गणित आम्ही वर्गात मांडतो तसं मांडू. समजा १,००० रुपये बोनस मिळाला आणि अट आहे ३० पट खेळण्याची. म्हणजे ३०,००० रुपयांचे डाव लावायचे. युरोपियन रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात, पण जिंकणाऱ्या आकड्यावर नफा मिळतो ३५ पट. हा फरक म्हणजे प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. ३०,००० वर ते होतात सुमारे ८१०. म्हणजे हजाराची भेट हातात येईपर्यंत दोनशेही उरत नाहीत. आणि ही सगळं प्रामाणिक चाललं तरची गोष्ट. चाक खरं फिरतं का, हे मोबाईलवर कोण बघणार?

आता खातं होल्डवर का गेलं ते पाहू. अशा साइटवर पैसे भरताना समोर येणारा यूपीआय आयडी अनेकदा कुणा अनोळखी माणसाचा किंवा दुकानाचा असतो आणि तो सारखा बदलतो. ही भाड्याने घेतलेली खाती. त्यांतच सायबर फसवणुकीचा पैसाही फिरवला जातो. तुमची ‘जीत’ याच खात्यांतून येते. कुणी फसलेला माणूस १९३० वर तक्रार करतो, पैशाचा माग काढत यंत्रणा पुढच्या खात्यांपर्यंत पोहोचते आणि रक्कम अडकते. मग दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना उत्तरं देत बसा.

याहून मोठा धोका खातं भाड्याने देणाऱ्या पोरांना आहे. ‘पासबुक, एटीएम कार्ड, सिम दे, महिन्याला काही हजार घे’ असं सांगणारे एजंट गरीब मोहल्ल्यांतच फिरतात, कारण तिथे गरज आहे. पण कागदावर नाव मुलाचं असतं. चौकशी सुरू झाली की एजंट गायब आणि आरोपी आपला मुलगा.

कायदा काय सांगतो? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालवणाऱ्याला आणि त्यांचे पैसे फिरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. अशा खेळांत लोकांचं २०,००० कोटींहून अधिक नुकसान झाल्याचा सरकारचाच अंदाज आहे. ‘आमच्याकडे कुरासाओचं लायसन्स आहे’ असं साइट सांगेल, पण कॅरिबियन बेटावरचा परवाना इथली बंदी उठवत नाही आणि बुडालेले पैसेही परत आणत नाही.

दीनच्या बाजूने तर वादच नाही. सूरह बकरा आणि सूरह माइदा, दोन्हींत जुगाराचा उल्लेख शराबच्या जोडीने आला आहे. पण ‘हराम आहे’ एवढं म्हणून मोबाईल हिसकावला तर मूल लपून खेळतं. त्याला वरचं गणित कागदावर करून दाखवा. तो जिंकतो तो पैसा कुणाचा, हे विचारा. जुमाच्या बयानात खातं भाड्याने देण्याचा विषय निघाला तर अनेक घरं वाचतील.

आणि कुणी अडकलंच असेल तर इज्जतीच्या भीतीने गप्प बसू नका. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. खातं अडकलं असेल तर बँकेकडून तक्रारीचा तपशील लेखी घ्या आणि वकिलाला दाखवा. ‘पैसे सोडवून देतो’ म्हणणाऱ्या नव्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

त्या पालकांनाही आम्ही हेच सांगितलं. जाताना ते म्हणाले, “पोरगा जिंकला म्हणून मीच त्या दिवशी मिठाई आणली होती.” घरात अचानक आलेल्या पैशावर खूश होण्याआधी तो कुठून आला, हे विचारायची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.