पतंग पुन्हा घ्यायचा, पण केवढा आणि केवढ्याचा?



या महिन्यात इंग्लंडमधल्या लँकशायरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. माहेर महाडचं. त्या लिहितात, "आमचे हे 46 वर्षांचे. लग्नाआधी समुद्रावर जाऊन पॉवर काइट उडवायचे, म्हणजे माणसाला ओढून नेणारा मोठा पतंग. थोरला झाल्यावर तो विकून टाकला. आता रात्रपाळी, वाढलेली साखर आणि सुट्टीच्या दिवशी हातात मोबाइल. परवा अचानक म्हणाले, पुन्हा तसाच पतंग घ्यावा म्हणतो. मी किंमत ऐकली आणि नाही म्हटलं, कारण उमराहसाठी पैसे साठवतोय. दोन दिवस घरात बोलणं नाही. थोरला 14 वर्षांचा, त्याचं आणि अब्बांचं तसंही बोलणं कमीच. पण पतंगाचं नाव निघालं तेव्हा तो आपणहून त्यांच्याजवळ जाऊन बसला. मी काय करू?"

भगिनी, तुमचं नाही म्हणणं वावगं नव्हतं. उमराहचे पैसे बाजूलाच राहू द्या, त्यांना हात लावायचा नाही. पण पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलं आहे, आणि ते त्या पैशांइतकंच मोलाचं आहे.

आपल्याकडे पतंग म्हटलं की वडीलधारे नाराज होतात, आणि त्याला कारणं आहेत. पैजा लागतात, दुसऱ्याचा पतंग कापण्यात आनंद मानला जातो, मांजानं पाखरं मरतात, माणसांचे गळे चिरतात, पोरं गच्चीवरून पडतात आणि नमाज जाते. पॉवर काइटमध्ये पेच नसतो, पैज नसते, काचेचा मांजाही नसतो. राहतात तीन गोष्टी: उधळपट्टी, दुसऱ्याला इजा आणि नमाजेची वेळ. सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीत उधळपट्टीला मनाई आहे. दुसरीकडे, सही बुखारीत हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची हदीस आहे. रात्रंदिवस इबादत करणाऱ्या या सहाबींना रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी शरीराच्या आणि पत्नीच्या हक्काची आठवण करून दिली होती. तेव्हा प्रश्न घ्यावा की न घ्यावा एवढाच नाही. केवढा घ्यावा, हा खरा प्रश्न आहे.

हा नुसता पोरखेळ आहे असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट सांगते. ब्रिस्टलचे एक शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी 1826 मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. आजचा पॉवर काइट कापडाच्या कप्प्यांचा असतो. त्यात काड्या नसतात. समोरच्या तोंडांतून वारा शिरतो, कप्पे फुगतात आणि विमानाच्या पंखासारखा आकार तयार होतो. घडी केली की तो पाठीवरच्या पिशवीत मावतो.

आता आकार. तो चौरस मीटरमध्ये मोजतात. इथे एकच हिशेब लक्षात ठेवा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. ताशी 20 किलोमीटर वाऱ्यात 3 चौरस मीटरचा पतंग जेवढा ओढतो, तेवढाच 1.5 चौरस मीटरचा पतंग ताशी 28 किलोमीटर वाऱ्यात ओढतो. लँकशायरच्या किनाऱ्यावर आयरिश समुद्राचा वारा असतो, तिथे लहान पतंगाला वाऱ्याची वाट बघत बसावं लागत नाही. यांना जुन्यासारखा मोठा हवा असणार. पण तो तिशीच्या गुडघ्यांसाठी घेतला होता. मधल्या वर्षांत हात सवय विसरतात, कमरेची ताकद उतरते. सुरुवातीला 1.5 ते 2 चौरस मीटरच्या वर जाऊ नका. आणि तो लहान म्हणून वाया जात नाही, जोराच्या वाऱ्याच्या दिवशी पुढेही तोच कामाला येतो.

मग दोऱ्या किती? दोन दोऱ्यांचा पतंग सर्वांत स्वस्त. मनगटाला पट्टे, उजवा हात ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. तीन दोऱ्यांच्या पतंगाला दांडा असतो आणि तिसरी दोरी बचावाची असते. दांडा सोडून दिला की ओढ संपते, पतंग खाली बसतो, पण मनगटाला बांधलेला असल्यामुळे उडून जात नाही. चार दोऱ्यांच्या पतंगाला दोन मुठी आणि ब्रेक असतात. ताबा सर्वांत चांगला, किंमतही सर्वांत जास्त. चाकांच्या गाडीवर बसायचं नसेल तर चार दोऱ्यांची घाई नको. मुलगाही उडवणार असेल तर मी तीन दोऱ्यांचाच घ्या म्हणेन, कारण घाबरल्यावर हात सोडून देणं एवढंच त्याला आठवायला हवं. ते बजेटमध्ये बसत नसेल तर 1.5 चौरस मीटरचा, दोन दोऱ्यांचा.

किंमत बघताना पिशवीत काय काय येतं ते विचारा. दोऱ्या, पट्टे किंवा दांडा आणि पिशवी सगळं धरून ब्रिटनमध्ये दोन दोऱ्यांचा लहान पतंग साधारण 40 ते 80 पाउंडांत नवा मिळतो. जाहिरातीतला स्वस्त पतंग कधी कधी नुसतं कापड असतं आणि दोऱ्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

जुना घेतला तर आणखी वाचतात, फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. कापड उजेडासमोर धरून बारीक भोकं शोधा. कापड कुरकुरीत लागलं तर चांगलं, धुतलेल्या ओढणीसारखं मऊ पडलं असेल तर ते उन्हानं खाल्लेलं आहे. शिवणी आणि कन्नीच्या दोऱ्या बोटांतून फिरवून गाठी, खरचटलेल्या जागा बघा. दोऱ्यांची एका बाजूची टोकं खुंटीला अडकवून दुसरी टोकं ताणा. डावी-उजवी सारखी भरली पाहिजेत. एक लांब झाली असेल तर पतंग सतत एका बाजूला जातो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत राहतो. लहानसं फाटलेलं असेल तर त्याच कापडाची चिकटपट्टी मिळते, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका. कप्प्यांतली वाळू झटकून टाका.

दुसऱ्याला इजा, हा मुद्दा सर्वांत मोठा. या दोऱ्या बारीक आणि फार मजबूत असतात, काच नसली तरी ताणलेली दोरी कातडी कापते. ताणलेल्या दोरीला हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला दोरीच्या लांबीच्या दुपटीहून जास्त जागा मोकळी हवी, माणूस, घोडा, कुत्रा कुणीही नको. विजेच्या तारा आणि ढगांचा गडगडाट असेल तिथे पिशवी उघडायचीच नाही. वारा समुद्राकडून सलग येणारा हवा, इमारतींमागचा वारा धक्के देतो. पतंग डोक्यावर किंवा कडेला असताना ओढ कमी असते, समोर मधोमध आला की सर्वांत जास्त. उडी मारायचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. ब्रिटनमध्ये परवानगीशिवाय पतंग 60 मीटरच्या वर नेता येत नाही, पण या पतंगाच्या दोऱ्या 20-25 मीटरच्या असतात. किनाऱ्यावरची पाटी मात्र वाचा, कुठे उडवू देतात आणि कुठे नाही ते जागोजागी बदलतं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून जावं आणि उपाशी पोटी जाऊ नये.

सुट्टीत तो कोकणात आणावा का, असं मनात येईल. आणू नका. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये पतंगाच्या नायलॉन आणि इतर सिंथेटिक दोऱ्यांवर देशभर बंदी घातली आहे, आणि या पतंगाच्या दोऱ्या सिंथेटिकच असतात.

नमाजेचं सोपं आहे, पण आधी ठरवून ठेवावं लागतं. तुमच्याकडे डिसेंबरात चारच्या आतच मगरिब होते. जोहर पढून निघा, असर वाळूवर, मगरिबच्या आधी पतंग पिशवीत. जानमाज पतंगाच्या पिशवीतच ठेवून द्या.

राहिला तुमचा प्रश्न. त्यांना सांगा: उमराहचा डबा बंद, पतंग त्यांच्या खर्चाच्या पैशांतून, 80 पाउंडांच्या आत आणि 2 चौरस मीटरच्या आत. तीन महिने गेल्यावर पतंग कपाटातच पडून असेल तर विकून टाकायचा, हेही आजच ठरवा. पतंग वर न्यायला दुसरा माणूस असला की सोपं जातं, एकानं दोऱ्या धरायच्या आणि दुसऱ्यानं समोर जाऊन कापड वाऱ्यात उचलायचं. ते काम थोरल्याला द्या. दोऱ्या मोजून बघायचंही त्यालाच शिकवू द्या. वाऱ्यात एकमेकांना हाका मारल्याशिवाय ते काम होत नाही.