मागचे आसन

गेल्या हिवाळ्यात डोळस आणि दृष्टिहीन सायकलस्वारांच्या एका दिवसाच्या सहलीत सहभागी होण्याचा योग आला. वाशीहून पाम बीच मार्गाने बेलापूर आणि तेथून ऐरोलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक, असा तो प्रवास होता. वाहन होते टँडम सायकल, म्हणजे दोन आसने आणि पायडलच्या दोन जोड्या असलेली. पुढे मी बसलो, मागे एक दृष्टिहीन तरुण.

आपण या मुलाला फिरवून आणणार आहोत, अशी माझी समजूत होती. ती फार वेळ टिकली नाही. टँडमवर दिशा, गिअर आणि ब्रेक पुढच्याच्या हाती असतात. परंतु पायडलच्या दोन्ही जोड्या साखळीने जोडलेल्या असल्यामुळे दोघांचे पाय एकाच लयीत फिरावे लागतात. मी न सांगता थांबलो की त्याच्या पायांना हिसका बसे. म्हणून खड्डा, वळण, थांबा, सारे बोलून सांगावे लागे. नेरूळजवळ खाडीच्या तिवरांचा वास प्रथम त्यालाच आला. दुपारी उड्डाणपुलाच्या चढावर मी दमलो, तेव्हा मागून आवाज आला, "सर, गिअर हलका करा, मी ओढतो." आणि त्याने ओढले. पॅरालिम्पिक स्पर्धेत टँडमवरील दृष्टिहीन खेळाडूबरोबर त्याच्या डोळस जोडीदारालाही पदक मिळते, ते का, हे मला त्या चढावर उमगले.

त्याच वेळी एक जुनी गोष्ट मनाला टोचू लागली. वीसेक वर्षांपूर्वी एक वडील आपल्या दृष्टिहीन मुलाला घेऊन प्रवेशासाठी आले होते. "आमच्याकडे तशी सोय नाही," असे सांगून आम्ही त्यांना परत पाठवले. ते शब्द माझेच होते. ज्यांच्या पूर्वजांना वर्गाबाहेर बसवले गेले, त्यांच्यापैकीच एक असूनही मी एका मुलाला दारातून परत फिरवले.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर तथागतांच्या शिकवणीतून घेतली. त्यांतही बंधुतेला त्यांनी सर्वोच्च स्थान दिले. कारण स्वातंत्र्य आणि समता यांचे खरे रक्षण तीच करते. बंधुता म्हणजे दया नव्हे. दया मागच्याला ओझे समजते; बंधुता त्याच्या पायांतील बळ ओळखते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासनमान्य शाळांवर भेदभाव न करता प्रवेश देण्याचे बंधन घातले आहे. परंतु कायद्याच्या धाकाने नव्हे, धम्माच्या नात्याने आपण हे करावे, असे मला वाटते. येत्या वर्षापासून आपल्या वसतिगृहात दृष्टिहीन विद्यार्थ्यांना सन्मानाने प्रवेश मिळावा. ब्रेल पुस्तके आणि प्रशिक्षित शिक्षक यांची जबाबदारी संस्थेने घ्यावी. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर आपला वेळही द्यावा: पाठ वाचून ध्वनिमुद्रित करावेत, लेखनिक मिळवून देण्यास हातभार लावावा. पालकांनीही आपल्या मुलांच्या शेजारी त्या मुलांना आनंदाने बसू द्यावे.

परत पाठवलेला तो मुलगा आज कोठे असेल, मला ठाऊक नाही. पुढचा मुलगा दाराशी येईल, तेव्हा आपल्याजवळ दुसरे उत्तर तयार असले पाहिजे.

जय भीम!