कर चालतो, पोर चालत नाही?

अमेरिकेत घरीच शिकणाऱ्या मुलांनी सरकारी शाळेच्या संघातून खेळावे काय? फ्लोरिडाने १९९६ सालीच कायद्याने ‘हो’ म्हटले. म्हणूनच टिम टीबो शाळेच्या संघात आला आणि पुढे २००७ साली कॉलेज फुटबॉलचा हाइजमन करंडक जिंकला. व्हर्जिनियात मात्र राज्यपाल मॅकॉलिफ यांनी २०१५ ते २०१७ ओळीने तीन वर्षे असे विधेयक नाकारले. कारण काय, तर शाळेतल्या खेळाडूंना अभ्यासाची अट असते, घरच्या मुलांना ती लावता येत नाही! अहो, फ्लोरिडात या मुलांची दरवर्षी अभ्यासाची तपासणी होतेच ना? शाळांचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागतो, आणि तो कर या पालकांकडूनही बिनबोभाट वसूल होतो. चाचणी घ्या, कमी पडला तर खुशाल घरी पाठवा. पण चाचणीलाच उभे करायचे नाही, हा कुठला न्याय?