तक्रार हीदेखील माहितीच

एखाद्या संस्थेची माहिती-यंत्रणा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे संगणक उभा राहतो. पण संगणक हा त्या यंत्रणेचा केवळ एक भाग. घडलेल्या गोष्टीची नोंद होणे, ती योग्य माणसापर्यंत पोहोचणे आणि तिच्या आधारे निर्णय घेतला जाणे, हे सारे मिळून यंत्रणा होते. यातला एक दुवा तुटला की काय अनर्थ होतो, हे ब्रिटनच्या टपालसेवेत दिसून आले.

तेथे १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबपद्धती आली. गावोगावची छोटी टपाल कार्यालये तेथे कंत्राटी पोस्टमास्तर चालवतात, पुष्कळदा आपल्या दुकानातच. रोजची विक्री ते पडद्यावर नोंदवीत व ती मध्यवर्ती संगणकात साठे. लवकरच अनेकांच्या गल्ल्यातील रोकड आणि संगणकातील शिल्लक जुळेना. तूट पोस्टमास्तरने पदरची भरायची. नाहीतर चोरीचा किंवा खोट्या हिशेबाचा खटला! २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले.

चूक कशी होई? एक नमुना पाहा. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन येथे ८,००० पौंडांच्या रोकडीची नोंद करताना पडदा अडकला. कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली आणि संगणकाने तीच रक्कम चार वेळा धरली. झाली २४,००० पौंडांची तूट!

असे दोष कोणत्याही यंत्रणेत असू शकतात. मला अधिक गंभीर वाटते ते वेगळेच. मदतीसाठी फोन करणाऱ्या अनेकांना ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतो’ असे सांगण्यात आले. वास्तविक, आढळलेल्या दोषांची यादी फुजित्सू या संगणक कंपनीकडे होती. इतकेच नव्हे, तर पोस्टमास्तरला नकळत त्याच्या हिशेबात दुरून फेरफारही करता येत असे. म्हणजे माहिती वर जात होती, खाली येत नव्हती. ज्याच्या नावावर आकडा मांडला, त्याला तो कसा आला हे पाहता आले पाहिजे. आणि त्याने घेतलेली हरकत आकड्याशेजारीच नोंदली गेली पाहिजे. शिक्षकांनी संगणकाच्या तासाला आज्ञावलीइतकाच वेळ यालाही द्यावा.

५५५ पोस्टमास्तरांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने होरायझनमधील दोष मान्य केले. २०२४ मध्ये कायदा करून शेकडो जणांवरील दोषारोप सरसकट रद्द करण्यात आले. तोवर काही जण हयात नव्हते.