आक्षेप चुकीच्या पानावर

तर झालं असं, मंडळी. गेल्या महिन्यात आमच्या ताथवड्याच्या सोसायटीतल्या छोट्याशा वाचनालयातून चार जाडजूड पुस्तकं कपाटाबाहेर काढली गेली. स्टेफनी मेयरबाईंची 'ट्वायलाइट' मालिका. कारण काय, तर "चावट आहेत, मुली बिघडतात." बिघडणाऱ्यांत माझी नातही होती. म्हणून ती चारही मी घरी आणली. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, त्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊन तीन आठवडे वाचत बसले.

आता माझं मत. ही पुस्तकं सदोष आहेत, पण ज्या कारणासाठी काढली त्या कारणासाठी मुळीच नाहीत.

पहिला भाग २००५ साली आला. सतरा वर्षांची बेला फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात येते आणि वर्गातल्या एडवर्डच्या प्रेमात पडते. हा एडवर्ड व्हॅम्पायर. १९१८ च्या साथीत (आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत) मरायला टेकला होता, तेव्हापासून सतराच वर्षांचा राहिलाय. माणसांऐवजी जनावरांचं रक्त पितो आणि गमतीनं स्वतःला शाकाहारी म्हणवतो. एखाद्या माळकऱ्याला सांगून बघा!

गुण आधी सांगते. मुलीला काय वाटतं ते इथे मुलगी स्वतः सांगते. आमच्या वेळच्या कितीतरी नायिका लाजेनं चूर होण्यापलीकडे काही करायच्या नाहीत. दुसऱ्या भागात तो सोडून जातो, तेव्हा ऑक्टोबर ते जानेवारी अशी नुसती महिन्यांची नावं येतात, एकेका पानावर एक, बाकी पान कोरं. दुःखाचं वर्णन मी शाळेत जन्मभर शिकवलं, पण हे मला सुचलं नसतं. राहिला चावटपणा. पहिले तीन भाग चुंबनापलीकडे फारसे जात नाहीत. पुढचं सगळं चौथ्या भागात, तेही रीतसर लग्न लागल्यावर!

या बाबतीत आपण काही शिकलोच नाही का? 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली होती. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयात २५ रुपये दंड झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. नुसत्या कामविषयाच्या उल्लेखाला अश्लील म्हटलं तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकता येणार नाही, अशा अर्थाचं न्यायालयानं म्हटलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. आज पंचाहत्तरीत तोच वाद ऐकतेय.

आता दोष. एडवर्ड किती सुंदर आहे हे इतक्यांदा सांगितलंय की वर्गात असतं तर लाल शाईनं निम्मं खोडलं असतं. पण ते क्षम्य आहे. हा मुलगा रात्री बेलाच्या खोलीत तिच्या नकळत शिरतो आणि तिला झोपलेली बघत बसतो, हे क्षम्य नाही. तिसऱ्या भागात तिनं मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीचं इंजिन बिघडवून ठेवतो. का, तर तिच्या काळजीपोटी! चौथ्यात मधुचंद्राच्या दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर वळ असतात. त्याला पश्चात्ताप होतो हे खरं, पण समजूत काढायची ती तिनंच. आक्षेप घेणाऱ्यांपैकी एकालाही ही पानं खटकली नाहीत.

मला का खटकली, सांगते. नातीच्या मैत्रिणीच्या क्लासबाहेर एक मुलगा महिनाभर रोज उभा राहायचा. फोन कुठून मिळाला कोण जाणे, "कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस" सुरू झालं. मुली म्हणाल्या, "आजी, किती रोमँटिक ना!" त्या मुलीनं क्लास सोडला तेव्हा कुठे त्यांचं हसू थांबलं.

नारायण धारपांच्या 'लुचाई'तले रक्तपिपासू वाचून आम्ही रात्री खिडक्यांच्या कड्या तपासायचो. ते भय सरळ होतं. शत्रू दाराबाहेर, दार लावायचं. मेयरबाईंचा व्हॅम्पायर उशाशी बसतो आणि लेखिका म्हणते, हेच खरं प्रेम. हिंस्र माणसाला प्रेमानं माणसाळवता येतं, या आशेवर आपल्याकडे किती बायकांनी आयुष्यं काढली, हे मी पालकसभांतून पाहिलंय.

तरीही पुस्तकं काढू नयेत. कपाटातून काढली तरी ती मोबाईलवर वाचली जाणार, फक्त आपल्याला विचारता येणार नाही. उद्या मी चारही परत नेऊन ठेवणार आहे. आणि रविवारी संध्याकाळी मुलींना घरी बोलावलंय, भजी करते म्हणून सांगितलंय. प्रश्न एकच विचारणार: तो खिडकीतून आत आला, तेव्हा बेलाला कोणी विचारलं होतं?

पुस्तकं काढायला सांगणाऱ्यांनीही यावं. भजी पुरतील.