‘बोलायला लागला की आणा’

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. प्रवेशाच्या त्या गर्दीत एखादी माय पोराचा हात आवळून धरून उभी असते. पोरगं सहा वर्षांचं, अंगापिंडानं चांगलं, ऐकूही नीट येतं. पण बोलत नाही. नाव विचारलं तर ते खिडकीच्या गजांकडे बघत राहतं. गुरुजी मनानं वाईट नसतात. जन्मदाखला बघतात, आधार कार्ड बघतात, मग पोराकडे बघतात आणि समजुतीच्या सुरात सांगतात, ‘ताई, बोलायला लागला की आणा.’ घरी सासू धीर देते, ‘टाइम लागते एखाद्याले. त्याचा बापबी उशिराच बोलला.’ आणि एक वर्ष निघून जातं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर.

गुरुजींनी आपुलकीनं उच्चारलेल्या या एका वाक्यानं किती मुलांची शाळा हुकली, याची नोंद कुठल्याही हजेरीपटावर सापडणार नाही. बोलता येणं ही शाळेत येण्याची अट आहे, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. कायद्यात अशी अट कुठेही नाही, आणि शास्त्रातही तिला आधार नाही.

अशा मुलांपैकी काही स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, असतात. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 मध्ये स्वमग्नतेवरचा पहिला मोठा निबंध लिहिला. त्यात 11 मुलांची वर्णनं होती आणि त्यांतली तिघं बोलत नव्हती. म्हणजे न बोलणारं मूल या विषयाच्या पहिल्या पानापासून आपल्यासमोर आहे. जगभरात शंभरात साधारण एक मूल स्वमग्न असतं, आणि अशा मुलांपैकी पाव ते एक तृतीयांश मुलांचं बोलणं शाळेच्या वयातही अगदी मोजक्या शब्दांपुरतं राहतं किंवा येतच नाही. 2011 च्या जनगणनेनुसार विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजार होती. शंभरात एक एवढाच हिशेब धरला तरी जिल्ह्यातल्या स्वमग्न मुलांचा आकडा हजारांत जातो. ती मुलं कुठे आहेत? काही शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानच्या मतिमंद विद्यालयासारख्या विशेष शाळांत असतील. काही गावच्या शाळेत मागच्या बाकावर असतील, ‘गतिमंद’ या एका शब्दाखाली. बरीचशी घरी आहेत.

स्वमग्न मूल म्हणजे मतिमंद मूल नव्हे. काहींच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र असतात, काहींच्या बाबतीत नसतात. आणि न बोलणाऱ्या मुलाची बुद्धी तोंडी प्रश्न विचारून मोजता येत नाही. त्याला काय कळतं हे जाणून घ्यायचं असेल, तर आधी उत्तर देण्याची वाट त्याला द्यावी लागते.

ही वाट कशी असते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. वहीच्या पाठच्या पुठ्ठ्याएवढा एक तुकडा. त्यावर चिकटपट्टीनं मढवलेली चार चित्रं: पाणी, शू, मदत, पुरे. पाठीमागे वेलक्रोची पट्टी, म्हणजे चित्र काढून हातात देता येतं. पहिल्या दिवशी मूल पाण्याच्या माठाकडे ओढ घेतं. शेजारी बसलेली बाई त्याचा हात पाण्याच्या चित्राकडे नेते, मूल ते चित्र उचलून गुरुजींच्या हातात देतं आणि गुरुजी त्याच क्षणी ‘पाणी!’ म्हणत पेला पुढे करतात. पुढे बाईची मदत हळूहळू कमी होत जाते. असं दहादा, वीसदा, पन्नासदा. मग एक दिवस मूल कुणीही न सांगता ‘शू’चं चित्र घेऊन उठतं. त्या दिवशी त्याची चड्डी ओली होत नाही, मायेला शाळेतून फोन जात नाही. बाहेरच्या माणसाला ही क्षुल्लक बाब वाटेल, पण न बोलणाऱ्या मुलांना शाळेतून घरी पाठवलं जाण्याच्या कारणांत ओली चड्डीही असते.

चित्रांच्या देवाणघेवाणीची ही रीत अमेरिकेत 1985 मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवली. आता फोनमध्येही अशी साधनं आहेत. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे, मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. पण पुठ्ठ्यानं सुरुवात करण्यात एक फायदा आहे. त्यावर ‘भाकर’ लिहिता येतं, ‘आबा’ लिहिता येतं, घरी ज्या बोलीत पोराशी बोलतात तिचेच शब्द येतात. पुण्याच्या चपातीचं चित्र वऱ्हाडातल्या पोरापुढे ठेवून काय उपयोग?

इथे आईबापांना एक भीती वाटते, आणि ती खरी असते: चित्रांची सवय लागली तर पोरगं बोलायचंच राहील. 2006 मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या अभ्यासकांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात भरवशाचा पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालेलं आढळलं नाही. 89 टक्क्यांचं थोडंफार वाढलं. म्हणजे वाट पाहत बसण्याचं कारणच उरत नाही. मात्र चित्र दाखवणारं बोट अखेर मुलाचं स्वतःचं हवं. दुसऱ्यानं सतत हात धरून अक्षरं दाखवायची आणि ती मुलाची वाक्यं म्हणून वाचायची, या पद्धतीविरुद्ध अमेरिकेच्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे. तसंच मूळपेशींच्या उपचाराचं. शेत गहाण टाकून लाखो रुपये भरण्याआधी आईबापांनी एवढं जाणून घ्यावं, की स्वमग्नतेसाठी हा उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं 2022 मध्येच अमान्य ठरवला आहे.

आता कायद्याकडे येऊ. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि त्यातल्या 21 प्रकारांत ती आली. कलम 16 म्हणतं, शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि वाजवी सोयी कराव्यात. कलम 31 नुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड आईबापांची, शाळेची नाही. आणि सर्वांत मोलाची तरतूद फारशी कुणी वाचतच नाही: या कायद्यानं ‘संवाद’ शब्दाची व्याख्या करताना बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनं त्यात घातली आहेत, आणि कलम 17 नं ती वापरात आणण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायद्याच्या नजरेत तो पुठ्ठासुद्धा बोलणंच आहे.

मग अडतं कुठे?

बुलढाण्यात पहिली अडचण घाटाचीच आहे. घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके अशी या जिल्ह्याची रोजच्या बोलण्यातली विभागणी. लोणारहून जिल्ह्याचं ठिकाण नव्वदएक किलोमीटर. जळगाव जामोदहून नांदुरा, मोताळा करत राजूर घाट चढून यायचं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हा प्रवास, आणि तोही अशा मुलाला घेऊन ज्याला एसटीचा हॉर्न, गर्दी, नव्या माणसाचा स्पर्श यांपैकी काहीही सहन होत नाही. तपासणीची 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. ती भरायला मुलाला शांतपणे पाहावं लागतं, गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत ते होण्यासारखं नाही. एकदा कागद अपुरा, एकदा डॉक्टर रजेवर. दोन-तीन फेऱ्यांनंतर मजुरी करणारं घर हात टेकतं. आणि प्रमाणपत्राविना ‘निरामय’ योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा नाही, परीक्षेतल्या सवलती नाहीत. बुलढाण्याला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या तज्ज्ञांनी तालुक्याच्या गावी ठरलेल्या वारी बसणं ही काही आवाक्याबाहेरची मागणी नाही.

दुसरी अडचण शाळेच्या ओट्यावर बसलेली असते. मुलाला प्रवेश मिळतो, पण ‘त्याच्यासोबत कुणीतरी बसा’ या तोंडी अटीवर. ते कुणीतरी म्हणजे माय. ती सकाळी येते, परिपाठाच्या वेळी लाउडस्पीकर सुरू झाला की पोराचे कान झाकते, खिचडीच्या वेळी त्याला कोरडा भात वेगळा काढून देते, फाटक नसलेल्या आवारातून ते पळालं तर मागे धावते. गावातल्या उघड्या विहिरी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी सुरू होते, सगळं गाव शेतात असतं, आणि तिची रोजी बुडते. याला समावेशित शिक्षण म्हणायचं का? मायेनं शाळेला मदत करावी, जरूर करावी, कारण पोराची नस तिला माहीत असते. पण शिक्षण खात्यानं भरायची जागा तिनं फुकट भरायची, हे न्यायाचं नाही.

ती जागा कागदावर आहे. सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑक्टोबर 2021 रोजी रजनीश कुमार पांडेय प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे 15 मुलांमागे एक. 2025 च्या मार्चमध्ये न्यायालयानं राज्यांना पदं जाहीर करून भरण्याबाबत पुन्हा बजावलं. महाराष्ट्रानं 2024 मध्ये शाळांच्या समूह केंद्रांच्या स्तरावर 4860 विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. ही मोठी गोष्ट आहे, तिचं स्वागतच. पण एका केंद्राखाली दहा-वीस शाळा येतात. महिन्यातून एकदा येणारा शिक्षक ‘शू’चं चित्र पन्नासदा कसं हातात घेणार? त्यानं येऊन वर्गशिक्षकाला शिकवायचं, आणि रोजचं काम वर्गशिक्षकानं करायचं, असाच त्याचा उपयोग होऊ शकतो. खासगी शाळांचं चित्र वेगळं नाही. दिल्लीतल्या एका नामांकित शाळेपासून दुरावलेल्या स्वमग्न मुलीला परत घ्यावं, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला 2025 च्या जुलैमध्ये द्यावा लागला. मेहकरच्या किंवा संग्रामपूरच्या आईबापांनी उच्च न्यायालयाची पायरी कधी चढायची?

‘आमच्याकडे तज्ज्ञ नाहीत’ या उत्तराला गोव्यात एक चोख प्रत्युत्तर मिळालेलं आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. 2 ते 9 वयाची 65 मुलं, आणि आईबापांना शिकवणारे कार्यकर्ते डॉक्टर किंवा वाचातज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. रीत मोठी सुंदर आहे. माय पोराशी खेळते, त्याचं थोडं चित्रीकरण होतं, मग माय आणि कार्यकर्ता शेजारी बसून ते पाहतात. इथे त्यानं गाडीकडून नजर उचलून तुमच्याकडे बघितलं, पाहा. इथे तुम्ही थांबलात म्हणून त्यानं हात पुढे केला. स्वतःच्या पोरानं केलेली, पण घाईत सुटून गेलेली खूण आईला पडद्यावर दिसते. या घरांत आईबाप मुलाच्या कलानं घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली, असं आढळलं. गोव्यात जे प्रशिक्षित सामान्य माणसाला जमलं, ते चिखली तालुक्यातल्या आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला का जमणार नाही? फोन तर तिच्या हातात आहेच.

एक काळ असा होता की थंड स्वभावाच्या आयांमुळे मुलं स्वमग्न होतात, असं अमेरिकेतले नावाजलेले लोक सांगत. बर्नार्ड रिमलंड या संशोधकानं 1964 मध्ये पुस्तक लिहून ते खोडून काढलं. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. आपल्याकडे ‘मोबाइल देता म्हणून बोलत नाही’, ‘तुम्ही लक्ष देत नाही’ अशा रूपात तोच ठपका अजून आईवर येतो, आणि पालकसभेत ती मान खाली घालून बसते.

त्याच पालकसभेत तिच्या हाती काही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या वहीत तीन ओळींचा ठराव लिहायला पैसा लागत नाही: या मुलाच्या वर्गात संवादाची चित्रं लावावीत आणि शिक्षकांनीही बोलताना त्यांवर बोट ठेवावं, केंद्राच्या विशेष शिक्षकांनी महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी वर्गात यावं, आईनं रोज शाळेत थांबण्याची अट नसावी. खाली सह्या, एक प्रत केंद्रप्रमुखांकडे, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, दोन्हींची पोच घ्यायची. आणि पुढच्या सभेत पहिला विषय म्हणून तीच वही उघडून विचारायचं, याचं काय झालं.