पहिली पैज जिंकली, हीच काळजीची गोष्ट

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात शिकतो. आमच्या वस्तीतून परदेशी गेलेला तो पहिलाच, म्हणून त्याचा फोन आला की शेजारणीसुद्धा येऊन बसतात. १ डिसेंबर २०२४ च्या रविवारी सकाळी गडी भलताच खुशीत होता. "मावशी, कालच्या मॅचवर वीस डॉलर लावले, वर अठरा मिळाले! आपले पंधराशे रुपये झाले." बहीण कौतुकाने हसली. शेजारीण म्हणाली, "पोरगं पहिल्यापासून हुशारच." मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात परिचारिका आहे. मला हसू आलं नाही.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि धडका द्यायच्या, असा तो खेळ. संघ कॉलेजचे असले तरी ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन या सामन्याला मैदानात लाखभर माणसं बसतात. खेळावरच्या सट्ट्याला राज्यांनी परवानगी देऊ नये असा तिकडे कायदा होता. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केला. ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून एकवीस वर्षांवरच्या कुणालाही मोबाईलवर पैसे लावता येतात.

त्या दिवशी ओहायो स्टेट सहज जिंकणार असं सगळे धरून चालले होते. म्हणून सट्टेवाल्यांनी मिशिगनला साधारण वीस गुणांची सूट दिली होती. मिशिगन वीसपेक्षा कमी फरकाने हरली, तरी तिच्यावर पैसे लावणारा जिंकणार. आमच्या भाच्याने मित्राच्या सांगण्यावरून मिशिगन घेतली आणि मिशिगन चक्क १३-१० ने सामनाच जिंकली. आता त्याला वाटतं, आपल्याला खेळ कळतो.

यात खेळ कळण्याचा काही संबंध नाही. तिकडे अशा पैजेत शंभर डॉलर जिंकायचे तर एकशेदहा लावावे लागतात. दहा वेळा लावा. पाच जिंकलात तर पाचशे आले, पाच हरलात तर साडेपाचशे गेले. म्हणजे बरोबरीत सुटूनही पन्नास खिशातून गेले. भाजीवाली आपला नफा आधी धरूनच भाव सांगते, तसा सट्टेवाल्याने तो भावातच धरलेला असतो. फरक एवढाच, की इथे आपल्या हातात भाजी येत नाही.

पण पहिल्याच डावाला जिंकलेल्याला हा हिशोब पटत नाही. मिळेल की नाही याची खात्री नसताना मिळालेली गोष्ट मेंदूला जास्त चटका लावते. थोडक्यात हुकलं, तरी 'जवळ होतो' असंच वाटतं. आमच्या विभागात येणाऱ्यांना सुरुवात कशी झाली असं विचारलं, तर बरेच जण हरल्याची नाही, जिंकल्याचीच गोष्ट सांगतात. रक्कम आणि संघ त्यांना तोंडपाठ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. आवर घालता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा तेच मोठं होणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, ही त्याची लक्षणं.

सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. त्यातला पहिला हरणाऱ्याचा नाही, जिंकणाऱ्याचा आहे. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येतं. पैसा जाण्याची गोष्ट त्यानंतर येते. आपण विहारात हे ऐकतो आणि घरी आलो की जिंकलेल्या पोराच्या हातचे पेढे खातो.

कोलंबसची गोष्ट इथे सांगायचं कारण तेच. आपल्याकडे जुगार कायद्याने बंद आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. तरी आयपीएलच्या दिवसांत वस्तीतली पोरं व्हॉट्सॲपवरून 'आयडी' घेतातच. दारू पिऊन आलेला नवरा वासाने कळतो. याला वास नसतो. बचत गटाचा हप्ता चुकला, मोबाईल विकला, कर्जाच्या ॲपवाल्याचे फोन येऊ लागले, की मग घर जागं होतं. माझं म्हणणं असं, की चौकशी जिंकल्याच्या दिवशी करावी. रागावून नको. रागावलं की पुढचं सगळं चोरून होतं. किती लावले, कुणाच्या सांगण्यावरून, आलेले पैसे खिशात आले की तिथेच पडून आहेत, एवढं विचारावं.

ज्यांच्या घरात गोष्ट पुढे गेली आहे त्यांनी कर्ज फेडायला पोराच्या हातात रोख देऊ नये. ते पैसे कर्जाकडे जात नाहीत. देणं स्वतः जाऊन द्यावं आणि काही दिवस त्याचं कार्ड आणि मोबाईलवरचा पैशाचा व्यवहार घरच्या माणसाने सांभाळावा. तो गप्प झाला, जेवेना, 'माझ्यामुळेच सगळं झालं' असं बोलू लागला, तर जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

भाच्याला मी त्याच फोनवर विचारलं, "पैसे काढलेस का रे?" म्हणाला, "नाही मावशी, ॲपमध्येच आहेत." पुढच्या शनिवारी त्याचा फोन आला नाही. रविवारी मीच केला. अडतीसच्या अडतीस डॉलर त्याने पेन स्टेटवर लावले होते आणि ऑरेगॉन ४५-३७ ने जिंकली होती. "आईला सांगू नकोस," म्हणाला. मी म्हटलं, "सांगणार, पण तू फोनवर असतानाच." त्या संध्याकाळी आम्ही तिघं बोललो. शेजारणीला बोलावलं नाही.